गुणाबाई एकदाची कुरकुरली

गडचिरोलीत दवाखान्यामागं राहाचं म्हनजे दारात रोजचे पाहुने. कोनाचा ना कोनाचा पेशंट भरती असते अन सोयरे आपल्या ओसरीत. मी तं तोंडावर सांगते बाप्पा, जागा नाई. शेजारची गुणाबाई तशी नाई. ती ख्रिस्ती. पाहुन्याले कुरकुर न करता घरात घ्याव, असं त्यांच्या चर्चमधी सांगतात, अन ही बाई ते धरूनच बसली. 'दमली' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी आयकला नाई. मले रागच येत होता तिचा.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी दवाखान्यातल्या सिस्टरनं तिच्याकडं दोघी मायलेकी आनून ठेवल्या. धानोऱ्याच्या पार आतल्या जंगलातल्या. माय सुकरी, लेक मंगली. मंगलीचे दिवस भरत आले होते अन पोटात लेकरू आडवं. डॉक्टरनं बजावलं होतं, बाळंत होईपर्यंत इथून हालाचं नाई. गावी कळा लागल्या तं दोघांचाही भरवसा नाई. त्यांच्या गावापर्यंत गाडीच जात नाई.

गुणाबाईनं त्यांले हातावर झेललं. पलंग त्यांले, स्वतः खाली. गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरन. सुकरीनं झाडू उचलला की हिनं काढून घेतलाच. घागर उचलली की घागर, सूप घेतलं की सूप. बसा, तुमी पाहुन्या आहा, म्हने. सुकरी भिंतीले टेकून नुसती बसून राहे. जेवन कमी झालं तिचं. मी गुणाबाईले म्हनलं, हिले काहीतरी खुपून राह्यलं. तं ती म्हने, माझंच कुठी चुकलं असन, अन दुसऱ्या दिवशी खीर केली. आता अशा बाईले काय सांगाव?

रविवारी गुणाबाई चर्चले गेली. मी अंगन झाडून राह्यली होती, तं सुकरी डोक्यावर गाठोडं घेऊन फाटकाबाहेर, अन मागून मंगली पोट सावरत. गावाले चालल्या म्हने. मी झाडू फेकून वाटच अडवली. पोट्टीचा जीव घेतं का, काऊन चालल्या, कोनी काही बोललं का? सुकरीनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं.

"आमच्या गावी पाहुना दोन दिवस पाहुना," ती म्हने. "मग तो घरचं काम करते. ज्याच्या हातातून काम काढून घेतात, त्यानं समजाचं अन निघाचं. तोंडानं जा कोनी म्हनत नाई."

माय वं! मी कपाळावर हात मारला. लय समजावलं, पन शेजारनीचं कोन आयकते? त्या स्टँडच्या रस्त्याले लागल्या, मी चर्चच्या. भर गान्यातून गुणाबाईले हाताले धरून बाहेर ओढलं अन चालता चालता सारं सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

धानोऱ्याची गाडी लागलेलीच होती. मंगलीचा एक पाय पायरीवर. मले वाटलं, आता गुणाबाई हात जोडन, रडन, माफी मागन. तसं काही नाई. ती सुकरीसमोर उभी राह्यली, धापा टाकत.

"सुकरीबाई, माझी कंबर गेली आहे. पानी भरून खांदा ठनकते. लाखोरीचं पोतं तसंच पडलं आहे, पाखडाले कोनी नाई. मी थकली वं. तू गेली तं मी एकटी कसं करू?"

इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदा कुरकुरली, अन तेही कंडक्टरसमोर. सुकरीनं तिच्याकडं पाह्यलं, मंगलीले गोंडीत काहीतरी म्हनलं, अन पोट्टीनं पाय खाली घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्याबरोबर सुकरी सूप घेऊन बसली. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. गुणाबाईले नुसतं बसवत नव्हतं, उठ-बस चालली होती. मी डोळे वटारले तवा कुठी पलंगावर टेकली.

त्याच आठवड्यात मंगलीले भर दुपारी कळा लागल्या. दवाखाना हाकेवर. ऑपरेशन झालं, पोरगी झाली, मायलेकरू दोन्ही खुशाल. इतकं हलकं मले माझ्या लेकीच्या वेळीही वाटलं नव्हतं. सुकरीनं नातीले डोळे भरून पाह्यलं, गुणाबाईच्या मांडीवर ठेवलं अन सांजेचा भात टाकाले घरी निघून गेली.

मी गुणाबाईले चिडवलं. म्हनलं, बाई, स्टँडवर खोटं तं लय मस्त बोलली तू.

तिनं लेकराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आशाबाई," ती म्हने.