लिहिणाऱ्यानंच खोडायचं

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीत एक पराक्रम केला. मुरबाडला सासऱ्यांचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान. सकाळी गल्ल्याशेजारी पेपर उघडा पडला होता. त्यात गूढ शब्दकोडं, म्हणजे सरळ न विचारता आडवळणाने विचारणारं. मी खिशातून पेन काढलं आणि चहा निवायच्या आत अख्खं कोडं भरून टाकलं. एकही उत्तर चुकलं नव्हतं. शाबासकीच्या तयारीने बसलो. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, चष्मा लावून पेपर नीट पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, हुशार आहात. आता दिवसभर इथं माणसं कशाला थांबतील?"

त्या दुकानाचा कायदा मला मागाहून कळला. कोडं गिऱ्हाइकांचं असे. भाताचं बी न्यायला, युरिया न्यायला जो येईल त्याने पेन्सिलीने एक शब्द भरायचा. एकच. आणि दुसऱ्याचा शब्द कितीही चुकीचा दिसला तरी हात लावायचा नाही. "लिहिणाऱ्यानंच खोडायचं," हे तात्यांचं ब्रीद. चुकीचा शब्द लिहून माणूस गावी निघून गेला की कोडं अडलं. मग तो पुढच्या बाजाराला येईपर्यंत पेपर खिळ्याला टांगलेला. अशी कितीतरी अडलेली कोडी खताच्या पोत्यांवर फडफडत असायची. आणि माझ्यासारख्याला वाटायचं, रद्दी विकत का नाहीत.

तात्यांना सगळी उत्तरं येत असत असं नाही. भांडण मात्र उत्तम येत असे. एका शब्दावरून ते असा आवाज चढवत की रस्त्यावरची माणसं आत डोकावत. घरातही तेच. बायको सांगते, त्यांची माया ओरडण्यातूनच कळायची. ज्या दिवशी ओरडले नाहीत त्या दिवशी तिची आई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

टोकावड्याचा पांडूदादा हा त्यांचा लाडका शत्रू. एकदा सूचक वाक्य होतं : उसातून निघतो, उलटा केला की गळ्यात घालतात. अक्षरं दोन. उत्तर रस, उलटा केला की मोत्यांचा सर. पांडूदादाने ठणकावून लिहिलं, गूळ.

"उसाचा गूळ नाय निघत?" त्याचा सवाल.

"निघतो की," तात्या म्हणाले. "आता तो उलटा कर, आन् गळ्यात घालून दाखव."

पांडूदादा विचार करून सांगतो म्हणून गेला. पेपर खिळ्याला गेला.

आणि तेवढ्यात तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते झाल्यावर बायकोने त्यांना शहापूरला आमच्याकडे आणलं. परत पाठवायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. दुकान मेव्हणा बघतोय, सासूबाई गेल्यात, तिकडे आता आहे काय? तिने खिडकीशी खाट टाकली, पथ्याचं जेवण सुरू केलं. तात्या प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत. इथंच राहा म्हटलं, तरी "बरं." बायको खूश. मी मात्र पाहत होतो की सकाळी पेपर आला की ते एकटेच कोडं भरतात आणि घडी घालून उशीखाली ठेवतात. एकदा त्यांना डिवचायला मी मुद्दाम चुकीचा शब्द लिहिला. तात्यांनी तो मुकाट्याने खोडला.

मग एका रविवारी दारात पांडूदादा. एका हातात काकड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात खिळ्यावरून काढलेला तो पेपर. दुकानात खोडलं असतं तर दाखवायचं कोणाला, असं त्याचं म्हणणं. तुमचा पोरगा नुसता मान हलवतो. त्याने खोडरबर मागितलं, गूळ पुसला आणि सावकाश लिहिलं, पाक.

तात्या बघतच राहिले. "आन् गळ्यात कसा घालणार?"

"भांडं उलटं केलं की उतरतो गळ्यात. गोड लागतो."

"पांड्या, मी बी चांगलं देतो म्हणून भात तरी पिकतं तुझं. डोक्यात काय पेरतोस रे तू?"

पुढचा अर्धा तास आमच्या इमारतीने तात्या काय चीज आहे ते ऐकलं. शेजारी बेल वाजवून, सगळं ठीक ना, विचारून गेले. बायको पळी घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तात्यांच्या पायांकडे बघत राहिली. बोलण्याच्या भरात तात्या काठीशिवाय उभे होते, नुसते उभे नव्हे, खोलीभर फिरत होते. उत्तर मला ठाऊक होतं, तात्यांनाही. पण आम्ही दोघेही ते बोललो नाही. एवढ्या वर्षांत मी तेवढं शिकलो होतो. पांडूदादा पाक तसाच ठेवून, "बाजाराला येतो, तवा बघू," म्हणत गेला.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, मुरबाडची एसटी किती वाजता असते. बायकोने त्यांचे कपडे भरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना स्टँडवर सोडलं. गाडी सापगावच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी बायको तिथेच उभी. आता ही रडणार, म्हणून मी समजुतीची दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली. तिने वळून पाहिलं तर ती हसत होती.

"महिनाभर माझं सगळं ऐकत होते हो. मला वाटलं, रमले. आत्ता गाडीत चढताना मी हात धरला, तर सगळ्यांदेखत ओरडले माझ्यावर. बरे झाले तात्या."