क्लच नसलेल्या गाडीतून पाबे घाट

दसऱ्याला नव्या गाडीची पूजा झाली तेव्हा आईने गाडीच्या एकूणएक कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावलं. चूक माझीच होती. आदल्या दिवशी मीच तिला गाडीभोवती फिरवून कौतुकाने दाखवलं होतं, की हा पुढचा डोळा, हा मागचा, हे दोन आरशांखालचे. तिने ते मनावर घेतलं. "डोळे हायेत म्हनलीस ना, मग एकाला लावायचं आन् दुसऱ्याला न्हाई, असं कसं?" वर बंपरवर झेंडूचा भरगच्च हार. माझी गाडी रस्त्यावर यायच्या आधीच सौभाग्यवती आणि आंधळी झाली होती.

गाडी घेताना मी काय काय बघितलं ते आता सांगायला लाज वाटते. सनरूफ हवंच होतं. चौसष्ट रंगांत बदलणारे आतले दिवे हवे होते. बोललं की ऐकणारी, हातभर स्क्रीन असलेली गाडी हवी होती. ऑटोमॅटिक घेतली ती मात्र निव्वळ हिंजवडीच्या रस्त्यामुळे. रोज दोन तास क्लच दाबून डावा गुडघा सत्तरीचा वाटायला लागला होता. हे सगळं ठरवताना माझ्या डोक्यात अण्णा एकदाही आले नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. धायरीत आमची शेती होती तेव्हा ते स्वतःच्या टेम्पोतून भाजी मार्केट यार्डात न्यायचे. तीस वर्षं त्यांनी टेम्पो चालवला. तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि डाव्या पायाचा घोटा असा मोडला की डॉक्टरांनी तो स्क्रू घालून कायमचा सांधून टाकला. चालतात छान, पण घोटा वाकत नाही, म्हणजे क्लच नाही. तेव्हापासून ते आईच्या माहेरीही गेले नव्हते. तिचं माहेर वेल्ह्याचं. सासुरवाडीला आयुष्यभर स्वतः गाडी चालवत गेलेला माणूस आता लेकीच्या शेजारी बसून कसा जाणार? कधी पाय दुखतोय, कधी ऊन आहे, असं करत त्यांनी तीन वर्षं काढली, आणि ते नाहीत म्हणून आईही गेली नाही. तिचे थोरले भाऊ, आमचे आबामामा, फोनवर नुसतं "कधी येताय" विचारायचे.

पूजेच्या दिवशी पेढा खाता खाता आईने विचारलं, "वैशू, या गाडीला क्लच न्हाई म्हनतीस. मग डाव्या पायाचं काय काम?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"मग ह्यांना का न्हाई चालवता यायची?"

मी सॉफ्टवेअरमध्ये अठरा वर्षं काढली आहेत. हे मला सुचलं नव्हतं.

(तुमच्या घरी असं कोणी असेल तर एक करा. आधी डॉक्टरांना विचारा, आणि लायसन्सचं काय ते आरटीओत विचारून घ्या. आम्ही दोन्ही केलं. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय आणि नजर उत्तम आहे, खुशाल चालवा.) अण्णा मात्र "बघू" एवढंच म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोनदा किल्ली त्यांच्या हातात दिली, दोनदा ती फ्रिजवर सापडली. शेवटी मी जाहीर केलं की शनिवारी आपण वेल्ह्याला जाणार आणि गाडी मीच चालवणार. आश्चर्य म्हणजे ते तयार झाले. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांनी चालवली तरच ह्या येण्याला अर्थ हाय. न्हाईतर तिथं दिवसभर तोंड पाडून बसतील."

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. पुण्याहून वेल्ह्याला हायवेने नसरापूरमार्गे जाता येतं, पण खडकवासल्यावरून पाबे घाटाने जा. रस्ता अरुंद आहे, चढ खडा आहे, काही वळणांवर खडी सुटलेली असते, पण ऑक्टोबरात यासारखा रस्ता नाही. पेट्रोल धायरीतच भरून घ्या. सात वाजता धरणाच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं. समोरचा रडार झाकला गेला आहे, म्हणे. उतरून बघितलं तर झेंडू. गाडी समोरचं वाहन ओळखून आपणहून ब्रेक लावते ती ज्या चौकोनी पट्टीतून, नेमकी तिच्यावर आईची सगळ्यात मोठी फुलं. हार काढून मागे आईच्या मांडीवर दिला. कॅमेरे पुसले. मागचा नीट पुसला गेला नाही, तिथला पिवळा डाग राहिला तो राहिलाच.

मग मी अण्णांना सगळ्या गोष्टी दाखवत सुटले. गाडीने रस्त्यावर आखलेला पट्टा सोडला की स्टिअरिंग थरथरतं, हे ऐकून ते म्हणाले, "सिंहगड रोडला पट्टा कुठं होता? रस्ताभर थरथरतंयच की." त्यांचं बरोबर होतं, मी ते बंद केलं. एसी कमी करायला मी स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट फिरवलं तर म्हणाले, "आमच्या टेम्पोत काच खाली घ्यायचो." तरी त्यांच्याही काळात सोस होतेच. त्यांनी स्टिअरिंगला फिरवायची मूठ बसवून घेतली होती, आत गुलाब असलेली. मागे घेताना वाजणारं संगीत तर असं होतं की टेम्पो आला हे आख्ख्या धायरीला कळायचं. आठवण काढली तेव्हा ते जरा हसले. पण मी गिअर टाकते असं वाटून प्रत्येक वळणावर त्यांचा डावा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता, आणि ते बघून मला फार वाईट वाटत होतं.

खानापूरला चहा आणि गरम वडापाव, तिघांचं मिळून शंभराच्या आसपास. यापुढे घाट संपेपर्यंत काही मिळत नाही, तेव्हा इथेच खाऊन घ्या. मी पैसे देऊन आले तर अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर. सीट मागे घेतलेली, आरसे फिरवलेले, डावा पाय शहाण्यासारखा आत ओढून घेतलेला.

"नुसतं बसून बघतोय," ते म्हणाले.

मी डावीकडे बसले. आई मागे खिडकीबाहेर बघत होती, इतकं मन लावून की बाहेर काही नाही हे लगेच कळत होतं. अण्णांनी ब्रेक दाबला, बटण दाबलं, गिअर डीवर आणला. गाडी सरकली. पहिल्याच गतिरोधकाला सवयीने डावा पाय उठला आणि क्लच समजून ब्रेकवर पडला. आम्ही तिघंही पुढे फेकले गेलो, मागचा हार आईच्या मांडीवरून माझ्या खांद्यावर आला.

"सत्कार झाला तुजा," आई मला म्हणाली.

पुढच्या पाच किलोमीटरमध्ये तो पाय शांत झाला. डावीकडे पाबे घाटाचा फाटा आला. मी म्हटलं, "मी घेऊ?" त्यांनी सरळ गाडी वळवली.

घाट चढायला लागलो. दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती, उतारच्या उतार पिवळे. अण्णांना मी कितीतरी वर्षांनी असं बघत होते: मान ताठ, ओठ मिटलेले, हॉर्न फक्त वळणाच्या आधी एकदा. एका खड्या वळणावर समोरून एसटी आली. जागा एकाच गाडीपुरती. अण्णांनी डावीकडे घेऊन चढावरच गाडी थांबवली. मागे दरीकडे उतार.

त्याच क्षणी मागचं दार उघडलं. आई उतरली होती. मी ओरडणार तोवर ती गाडीच्या मागे गेलीसुद्धा. मला आधी कळेचना. मग लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवली. माझ्या जन्माआधी, माल भरलेला टेम्पो घेऊन दोघं घाटात जायची तेव्हा हँडब्रेक धरायचा नाही, आणि क्लीनर ठेवायला परवडायचं नाही. चढावर टेम्पो थांबला की आई उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायची. पासष्टाव्या वर्षी, गुडघेदुखी असताना, चढावर गाडी थांबताच तिचे पाय आपोआप खाली उतरले होते.

मी घाईने अण्णांना म्हटलं, "ब्रेक सोडा, काही होणार नाही. ऑटो होल्ड लावलाय मी."

"येडी का काय. मागं ती हाय."

"म्हणूनच सांगते. चढावर गाडी आपणहून ब्रेक धरून ठेवते. आधी बघा तरी." आणि मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

स्क्रीनवर मागचा रस्ता आला. कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग, आणि मधोमध आई. पदर खोचलेला, वाकलेली, दोन्ही हातांत नारळाएवढा दगड, नजर चाकावर. अण्णांनी पाय ब्रेकवर घट्ट ठेवून स्क्रीनकडे बघितलं. बघतच राहिले. एसटी आमच्या आरशाला वारा घालून निघून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"लागला," मागून आईचा आवाज आला. तिने दगड लावला होता.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "एवढी वर्षं मला नुसता हा आवाज यायचा. मागं मालाचा ढीग, कायबी दिसायचं न्हाई. लागला म्हनली की मी ब्रेक सोडायचो." मग म्हणाले, "ही अशी वाकून हुबी राहायची व्हय."

तो कॅमेरा मी मॉलच्या पार्किंगसाठी घेतला होता. ज्या बाईच्या शब्दावर हा माणूस दरीकडे पाठ करून ब्रेक सोडायचा, ती त्याला पहिल्यांदा दिसत होती, तेही बोटभर उंचीची, काचेवर. अण्णांनी पाय ब्रेकवरून उचलला. गाडी तसूभर हलली नाही. आई दगडाकडे बघत होती, मग चाकाकडे, मग पुन्हा दगडाकडे. चाक दगडाला टेकलंच नव्हतं.

ती आत येऊन बसली आणि म्हणाली, "कुनी धरली होती?"

"गाडीनंच," अण्णा म्हणाले. "तू आता बसून ऱ्हा."

खिंडीत उतरलो. समोर तोरणा, डावीकडे राजगड, मधल्या खोऱ्यात भाताची खाचरं, आणि ढगांच्या सावल्या त्यांच्यावरून चालत होत्या. या रस्त्याने मी तीन-चारदा गेले असेन, पण त्या दिवशी मला ते सगळं फार मोठं वाटलं. सनरूफ उघडलं. आईने मान वर करून एकदा बघितलं आणि "ऊन येतंय" म्हणून बंद करायला लावलं. सनरूफचा आजवरचा उपयोग एवढाच.

वेल्ह्यात आबामामा अंगणातच बसले होते. गाडी थांबली, उजवीकडचं दार उघडलं आणि अण्णा उतरले.

"पाव्हणं, कुनी आनलं?"

"कुनी म्हंजे? म्या आनली," अण्णा म्हणाले. मामांनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, नव्या इंद्रायणीचा भात असं जेवण झालं. (कोणाचं माहेर नसेल तर वेल्ह्यात खानावळी आहेत, थाळी दोनशेच्या आत.) परतताना नसरापूरपर्यंत अण्णांनी चालवली, हायवेला लागताना किल्ली मला दिली. "ट्रकवाल्यांशी तू भांड," म्हणाले. खेड शिवापूरचा टोल, नवले पुलाची गर्दी, आणि सहाच्या सुमारास घरी.

आता कोणी विचारलं की गाडीत काय हवंच, तर मी सांगते: दोन पेडल, चढावर धरून ठेवणारा ब्रेक आणि मागचा कॅमेरा. चौसष्ट रंगांतला मी एक वापरते, तोही बंद कसा करायचा ते कळत नाही म्हणून.

पुढच्या रविवारी सकाळी भाजी आणायला खाली उतरले तर पार्किंग रिकामं. अण्णा-आई तळमजल्यावर राहतात, जास्तीची किल्ली त्यांच्याकडे असते. दाराला कुलूप. फोन लावला तर आईने उचलला, मागे वारा वाजत होता.

"आम्ही खडकवासल्याला आलोय. तुजे अण्णा कनीस भाजून घेत्यात."

"अगं, सांगायचं तरी!"

"त्यात काय सांगायचं? तुजं काय काम हाय गाडीशी?"

"मंडईत जायचं होतं."

"मग रिक्षानं जा," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं मला न विचारता कुठेतरी गेली होती. मी तशीच पिशवी घेऊन थोडा वेळ त्या रिकाम्या जागेत उभी राहिले, आणि मग रिक्षाने गेले.