खोली राखायला कोण?

तुमच्या घरात लग्नकार्याला खोली कोण राखतं हो? म्हणजे सगळे मांडवात अक्षता टाकायला गेले, की दागिन्यांच्या पर्सा आणि बॅगा सांभाळत आत बसून राहतं ते माणूस? असतंच एक. कुणी नेमलेलं नसतं, पण दर वेळी तेच!

आमच्यात ते माणूस म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शालनअक्का. थोरले दीर गेले तेव्हापासून कार्यात पुढं येणं त्यांनी सोडलं. अंगावर फिक्या रंगाचं सुती पातळ आणि मांडीवर दुसऱ्यांच्या पर्सा. स्वतःच्या मुलाच्या, अमोलच्या लग्नात मंगलाष्टका चालू होत्या तेव्हाही अक्का कार्यालयातल्या खोलीत बॅगांपाशी बसून होत्या. अल्बममध्ये स्टेजवर सगळी भावकी आहे. अक्का नाहीत.

ते अमोलला फार लागलं होतं. तो पुण्यात नोकरीला असतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यानं सगळ्या घराला क्रूझवर न्यायचं ठरवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, तिथं एक फॉर्मल नाईट असते. सगळे नटूनथटून जेवायला येतात, कॅप्टनबरोबर फोटो काढतात. मला त्या फोटोत आई पाहिजे. बाकी काही नको."

आम्ही जाऊन आलो त्याला बरेच दिवस झाले, पण बचत गटाच्या बैठकीला बसलं की बायका अजून म्हणतात, "सुमनताई, ते जहाजाचं सांगा की." एक सांगावं तर त्यामागून दुसरं आठवतं, आणि बैठकीचं काम तसंच राहतं!

*

पहिली गंमत खोली निवडतानाच झाली.

शिराळ्याजवळच्या आमच्या घरी पुढच्या सोप्यात सगळे बसलो होतो. अमोलनं लॅपटॉपवर फॅमिली केबिन दाखवली. चौघांची. दोन पलंग खाली आणि दोन रेल्वेच्या बर्थसारखे भिंतीतून उघडणारे. त्यात आजी-आजोबा, अक्का आणि मी. शेजारची बाल्कनीवाली दोघांची केबिन त्याला आणि त्याच्या बायकोला, श्वेताला. वाढदिवस त्यांचाच ना!

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, "आन् सुना सासऱ्याम्होरं पाय पसरून झोपणार व्हय?"

आमच्याकडं अजून आबा, म्हणजे माझे सासरे, घरात आले की सुना पदर सावरून उभ्या राहतात. आबा मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. त्यांनी लगेच ऑर्डर काढली, "महिला एका बराकीत, पुरुष दुसऱ्या बराकीत."

अमोल चाचरत म्हणाला, "आजोबा, पण ती बाल्कनीची खोली मी आणि श्वेतानं..."

"गॅलरी हाय व्हय तिला? मग लय झ्याक! पहाटं पीटीला जागा झाली."

श्वेता हसू दाबत चहा आणायला आत पळाली. झालं! लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला अमोल आबांच्या शेजारी झोपणार हे पक्कं झालं.

त्यातूनही त्यानं आईचा विषय काढलाच. म्हणाला, "आई, ह्या केबिनचं दार आपोआप बंद होतं. प्रत्येकाला उघडायला कार्ड मिळतं. खोली राखायला कुणी लागत नाही."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आपोआप बंद हुतंय न्हवं? मग मी आतच बरी."

*

आमचे हे मात्र आले नाहीत. म्हणे, "आपल्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाईत."

मला ते खरं वाटलं असतं. पण मागच्या दिवाळीत त्याच म्हशींच्या धारा शेजारच्या शंकरभाऊजींनी आठवडाभर काढल्या होत्या. फॉर्मल नाईटला सूट शिवायचा, टाय बांधायचा, असा विषय निघाला आणि त्या दिवसापासूनच म्हशी अडून बसल्या!

*

बॅगा भरताना तर घराचं मंगल कार्यालय झालं होतं. अमोलनं समजावलं होतं, "फॉर्मल म्हणजे सूट किंवा आपला पारंपरिक पोशाख. फार काही लागत नाही."

आत्या म्हणाल्या, "म्हंजे रिसेप्शनच की! फकस्त नवरा-नवरी न्हाईत."

आबांनी माळ्यावरून आपली काळी पत्र्याची मिलिटरी ट्रंक खाली काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव आणि हुद्दा. आत रेजिमेंटचा ब्लेझर, मेडलं आणि सांगलीच्या भडंगाची पिशवी. अमोलनं नवी चाकांची बॅग पुढं केली तर म्हणाले, "बॅग वडत न्यायला मी काय लंगडा झालोय?"

जहाजावर सामान केबिनच्या दाराशी आणून देतात. त्या दिवशी सगळ्या पॅसेजमध्ये लोक आपापल्या काळ्या बॅगा ओळखत फिरत होते. आबांची ट्रंक सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभी होती! आबा तिच्यावर बसून म्हणाले, "नाव असावं लागतंय माणसाला."

अक्कांची बॅग भरायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुती पातळं, एक स्वेटर, जपाची माळ. त्याच आठवड्यात त्यांचा दोरीवर वाळत घातलेला ब्लाऊज गायब झाला. आम्ही परड्यात शोधला, गोठ्यामागं शोधला. आत्या म्हणाल्या, "वाऱ्यानं न्हेला असंल." पुढं चार दिवसांनी तो ब्लाऊज परत दोरीवर! चिमट्यासकट! अक्का म्हणाल्या, "वारा लय शाना हाय की गं!"

*

मुंबईच्या बंदरावर सामानाची तपासणी झाली. आत्यांची बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. आत टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री!

तिथला माणूस समजुतीनं म्हणाला, "आजी, जहाजावर इस्त्री नेता येत नाही. आगीची भीती असते. इथं ठेवा, येताना परत घ्या."

आत्या त्याला म्हणाल्या, "मग नटून या म्हणून कशाला सांगता? चुरगाळलेल्यास्नी बी वाढा की जेवायला!"

तो माणूस एवढा हसला, की त्यानं आमच्या बाकीच्या बॅगा उघडल्याच नाहीत.

*

केबिन छान होती. गोल खिडकी, पांढऱ्याशुभ्र गाद्या. आत्यांनी आत पाऊल टाकलं आणि विचारलं, "डोकं कुठल्या दिशेला येतंय?"

आमच्याकडं उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत. आबांनी शेजारच्या आपल्या गॅलरीतून मावळतीचा सूर्य बघून सांगितलं, "उशा उत्तरेला हायत." आम्ही चौघींनी उशा उचलून पायथ्याला नेल्या. तासाभरानं जहाज बंदरातून निघालं आणि सगळंच्या सगळं वळलं! उशा पुन्हा उत्तरेला! पुन्हा उचलल्या.

अमोल म्हणाला, "आजी, जहाज आहे ते. वळणारच."

"वळू दे की. पर वळायच्या आदी सांगत जावा म्हनावं."

खोली आवरायला थॉमसदादा म्हणून गोव्याचे वयस्कर गृहस्थ होते. ते येऊन उशा जागच्या जागी ठेवायचे, आत्या त्या फिरवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवून आलो, तर प्रत्येक पलंगावर दोन्ही बाजूंना एकेक उशी! थॉमसदादांनी हातच जोडले होते म्हणायचं.

*

इस्त्रीवर तोडगा आबांनी काढला. पहिल्या संध्याकाळी आमच्या दारावर टकटक करून, मोठ्यानं खोकून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "कापडाला पाण्याचा हात फिरवायचा. वर पेपर, खाली पेपर. आन् गादीखाली घालून झोपायचं. बॉर्डरवर आमी असंच कडक राहत हुतो. पर झोपंत वळायचं न्हाई. तुमी वळला की घडी वळली!"

श्वेतानं आणि मी आपापल्या साड्या गादीखाली घातल्या. आत्यांनीही घातली. अक्का म्हणाल्या, "मला काय घालायचंय? सुती पातळाला कसली आलीया इस्त्री?"

मग आत्यांनी आम्हा तिघींना वर डेकवर समुद्र बघायला पाठवलं. "माजं गुडघं दुखत्यात, मी पडते जरा," म्हणाल्या.

त्या रात्री आत्या फळीसारख्या ताठ झोपल्या. सकाळी मान अवघडली, पण साडी कडक! अक्का मात्र उठल्या त्या तक्रार करतच. "ह्या गादीत कायतरी कडक हाय बया. कूस बदलली की सळसळतंय."

आत्या म्हणाल्या, "जहाजाची गादी हाय. खाली समुद्र वाजतोय."

अक्कांना ते पटलं!

*

आणि मग फॉर्मल नाईट.

श्वेता तयार झाली, मी तयार झाले. आत्या हिरव्या नऊवारीत, नाकात नथ. दाराबाहेर आबा ब्लेझर घालून, मेडलं लावून उभे, शेजारी सुटात अमोल. अक्का आपल्या फिक्या पातळात पलंगावर मांडी घालून बसलेल्या.

"जावा तुमी. मी खोली राखते."

अमोल दारातून म्हणाला, "आई, चल ना. दार आपोआप बंद होतं."

"आरं, एवढं दागिनं-पैसं हायत आत. जा तू. श्वेताबरोबर झ्याक फोटो काढ."

अमोल खाली बघत बुटाचं टोक गालिच्यावर घासत राहिला. लहानपणी रडू आलं की तो असंच करायचा.

तेवढ्यात आत्या समोरच्या पलंगावर बसल्या. "मग मी बी राखते खोली."

"आवं आत्या, तुमी जावा की!"

"न्हाई. एकलीनं कशाला राखायची?" आणि दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "आवं, तुमी बी या आत! खोली राखायची हाय!"

आबांनी खोकून आत पाऊल टाकलं. सासरे आत आले तशा अक्का पदर सावरत पलंगावरून उठल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

आत्यांना तेच पाहिजे होतं! "श्वेता, उचल ती गादी!"

श्वेतानं गादी उचलली. खाली आमच्या गावाकडचा पेपर अंथरलेला, आणि त्यावर जांभळी रेशमी साडी, हिरव्या काठाची, पापडासारखी कडक. शेजारी तसाच जांभळा ब्लाऊज.

अक्कांनी ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला, शिवण बघितली. माप त्यांचंच होतं.

"दोरीवरचा..." त्या म्हणाल्या.

"वारा न्हेतोय व्हय ब्लाऊज? मी न्हेला हुता शिंप्याकडं, मापाला." आत्या थांबल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "शालन, अमोलच्या लग्नातच द्यायची म्हणून घेतली हुती. भावकी काय म्हणंल म्हणून पेटीत ठिवली. चुकलंच माजं. हितं कुठली आलीया भावकी? चौफेर पाणी हाय."

अक्का किती तरी वेळ काठावरून हात फिरवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आन् खोली?"

"खोली कुठं जातीया? समुद्रातनं कोण घिऊन पळतंय?"

आबांनी घसा खाकरला. "धा मिनिटात सगळी फॉल-इन," म्हणाले आणि अमोलला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले. जाताना त्यांनी खिशातला रुमाल काढून अमोलच्या हातात दिलेला मी बघितला.

तो फोटो आता आमच्या सोप्यात लावलाय. एका बाजूला कॅप्टन, दुसऱ्या बाजूला छाती काढून आबा. मधोमध जांभळ्या साडीत अक्का, अमोलनं त्यांना एका हातानं जवळ घेतलंय. आणि अक्कांच्या हातात श्वेताची, आत्यांची आणि माझी, अशा तिन्ही पर्सा!

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज गोव्याला लागलं. मी उठले तेव्हा जांभळी साडी पेपरात घडी करून परत गादीखाली घातलेली होती, आणि अक्का आपलं कार्ड घेऊन एकट्याच वर डेकवर गेल्या होत्या.