तात्यांचा कोयता तांब्याचा झाला तेव्हा

आमच्या घरात ऑक्सिडेशन नंबर सगळ्यात आधी कळला तो माझ्या सासऱ्यांच्या कोयत्याला.

माझी मुलगी मधुरा अकरावी सायन्सला. सोमवारी तिची रेडॉक्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची, चाचणी होती. शनिवारी धसईला आजोळी उतरताच तिनं जाहीर केलं, की यंदा नापास झाले तर सायन्स सोडणार. इलेक्ट्रॉन मिळाला तरी आकडा कमी कसा होतो, इथे गाडी अडली होती. (तिनं मला विचारलं. मी हवामानावर बोललो.)

तिला शांतता मिळावी म्हणून मी कामाला लागलो. सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, काकडीवर रोग पडला होता आणि मोरचूद-चुन्याचं औषध फवारायचं होतं. चुना आणायला मुरबाडला जाताना तात्यांनी बजावलं होतं, की मोरचूद प्लास्टिकच्या ड्रमातच भिजवा आणि लाकडानंच ढवळा. ड्रम विहिरीपाशी, म्हणजे माझ्या हिशेबानं जवळजवळ नाशिकला! मी लोखंडी घमेलं ओढलं आणि पडवीतल्या कोयत्यानं ढवळलं. हा कोयता तात्यांच्या वडिलांच्या वेळचा. तात्या त्याला पोटच्या मुलालाही हात लावू देत नाहीत.

बाहेर काढला तर पातं लालेलाल! राखेनं घासघासून चकचकीत केलं, मग धुवायला जवळचं पाणी म्हणून घमेल्यातच बुडवलं. (होय, त्याच.) आणखी लाल! सासूबाईंनी विचारलं, कुठं कापून घेतलंत का. मी घाईनं पुन्हा राख घेतली, तोच मागून मधुरा म्हणाली, "बाबा, घासू नका. परत बुडवा."

तिघंही घमेल्याभोवती बसलो. जाळ नाही, आवाज नाही, आणि पात्यावर तांबं चढतंय! वर मोराच्या मानेसारखं निळं पाणी हळूहळू फिकं पडतंय. सासूबाईंनी चक्क हात जोडले. (मीही जोडले, जरा आडून.)

"मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. निळ्यातलं तांबं प्लस टू," मधुरा पुटपुटली. "लोखंड शून्य. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं आणि प्लस टू होऊन पाण्यात उतरतं. तांबं ते दोन घेतं. बाबा, इलेक्ट्रॉन मुळात मायनस! मायनस आत आला की आकडा खालीच येणार. प्लस टूचा शून्य."

वीस वर्षं मी वाशिंदच्या कारखान्यात लोखंड कापतोय. ते इतकं दानशूर असेल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यात तात्या आले. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मी मनातल्या मनात परतीची एसटी गाठली.

"चुना पुरा पडला का नाय, ते आमी लोखंड बुडवूनच बगतो," ते शांतपणे म्हणाले. "लाल झालं का अजून चुना घालायचा. पन त्याला जुना खिळा पुरतो, जावईबापू."

सोमवारी पेपरात उदाहरण विचारलं होतं. मधुरानं कोयता लिहिला. पैकीच्या पैकी! सायन्स राहिलं. तिनं फोन स्पीकरवर ठेवून तात्यांना सगळं समजावलं. देणारं लोखंड, घेणारं तांबं.

"आनि ते सल्फेट का काय म्हन्तीस, ते काय करतं गो?"

"काही नाही, आजोबा. ते देत नाही, घेत नाही. सगळं होताना नुसतं मधे असतं."



"जावईबापू हायेत का तिथं?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मधेच आहे."