वहिनींच्या दारावरचं पोळं

१७ एप्रिल १९८८, रविवार. काम: वहिनींच्या दारावरचं गांधीलमाश्यांचं पोळं काढणे.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं. खाली ‘काहीही झालं तरी’ असंही होतं. कारण हेच काम मी त्याआधी तीनदा ठरवलं होतं, आणि तिन्ही वेळा वहिनी आपल्या उंबऱ्यात उजवा हात आडवा धरून उभ्या राहिल्या होत्या. “असू दे तसंच,” म्हणाल्या होत्या.

‘असू दे तसंच’ हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. नळ ठिबकतोय, असू दे तसंच. दाराची कडी निखळलीय, असू दे तसंच. हा उदारपणा फक्त त्यांच्या स्वतःच्या वस्तूंसाठी. आमच्या चपला चार बोटं पुढे आल्या, तर त्या झाडूच्या टोकाने जिन्यात जाऊन पडायच्या.

मला ही बाई आवडत नव्हती, हे आधीच सांगते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून वहिनी म्हणायचे. प्रेमाने नव्हे. मी शाळेत शिवण शिकवायचे, तर त्या मला ‘शिवणबाई’ म्हणायच्या, आणि ते कसं म्हणायच्या ते ऐकायला तुम्ही तिथे हवे होतात.

आमची इमारत डोंबिवलीची, जुन्या पद्धतीची. एक लांब गॅलरी आणि तिच्यावर ओळीने खोल्या. शेवटची खोली आमची, तिच्या अलीकडची वहिनींची. म्हणजे दूध आणायला जा नाहीतर शाळेत जा, त्यांच्या दारावरून जाणं आम्हाला चुकत नव्हतं. आणि त्यांच्या दारावर आकाशकंदील होता.

तो त्यांच्या यजमानांनी शहाऐंशीच्या दिवाळीत लावला होता. बांबूच्या कामट्या, लाल-पिवळा कागद, खाली झिरमिळ्या. भाऊबीज झाली आणि आठवड्याभरात ते फिटरच्या नोकरीवर मस्कतला गेले. त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर सगळ्यांचे कंदील उतरले, वहिनींचा राहिला. त्यांच्या घरची पद्धत अशी, की कंदील ज्याने लावला त्यानेच उतरवायचा. दुसऱ्याने हात लावायची वेळ येते, ती लावणारा जगातून गेल्यावर. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि वर विचारलं होतं, की तुमच्याकडे काही पद्धती असतात की नाही.

पावसाळ्यात कागद भिजू नये म्हणून त्यांनी कंदिलावर वरून मोठी प्लास्टिकची पिशवी चढवली, खालून उघडी. इथेच चूक झाली. वर छप्पर, आत कामट्या, वाऱ्याचा त्रास नाही; गांधीलमाशीला यापेक्षा काय हवं? दसऱ्याला आत सुपारीएवढं पोळं होतं. होळीपर्यंत नारळाएवढं झालं.

मार्चमध्ये त्यातली एक माशी आमच्या ह्यांच्या मानेला चावली. दहा मिनिटांत ह्यांचा चेहरा फुगला, ओठ उलटे झाले, श्वासाला घरघर लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “पुन्हा चावली तर माझ्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही.”

तेव्हापासून हे डोक्यावरून टॉवेल घेऊन, वाकून, गॅलरीतून धावत जायचे. साडेपाच फुटांचा, कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस. वहिनी दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, “नवरी निघाली.”

मी त्यांना सरळ सांगितलं, की जिवाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, माश्या कोणाच्या वाटेला जात नाहीत, तुमचे हे हात फार हलवत चालतात. मी म्हटलं, रॉकेल फवारते, कंदिलाला धक्का लागणार नाही. तर म्हणाल्या, कागदाचा रंग जाईल.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. शनिवारी माझी अर्धी शाळा असायची, त्यामुळे मी घरी यायचे त्या वेळेलाच पोस्टमन यायचा. तो खालच्या मजल्यावर असतानाच वहिनी कठड्याशी येऊन उभ्या राहायच्या. पहिले सहा महिने निळी पाकिटं आली. मग थांबली. पोस्टमन वर न येताच मान हलवायचा आणि वहिनी लगेच वळून आमच्या चपलांकडे बघायच्या. शनिवारी आमच्या चपला हटकून जिन्यात असायच्या.

सोळा तारखेला, शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले.

“वहिनी, उद्या उजाडताना मी कंदील उतरवणार आहे. विचारायला नाही, सांगायला आलेय.”

“हात लावून बघा,” त्या म्हणाल्या. “ज्याने लावला तो उतरवेल.”

“मग बोलवा त्यांना.”

मी हे ठरवून म्हटलं. तोंडातून निसटलं वगैरे नाही. वर्षभर पत्र नाही हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, पण आजवर कोणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं. वहिनींनी दार लावून घेतलं. कडी निखळलेली होती, त्यामुळे ते नीट लागलंही नाही.

गांधीलमाशी अंधुक उजेडात उडत नाही, हे मला आमच्या शाळेच्या शिपायाने सांगितलं होतं. तो खाडीकाठच्या गावचा. “पाटंपाटं जा बाय, गोनी खालून चरवा, त्वांड बांधा नि पान्यात बुरवा,” असा त्याचा सल्ला. त्याप्रमाणे मी पहाटे साडेपाचला ह्यांचा रेनकोट, माकडटोपी आणि हातांत ह्यांचे लोकरी मोजे घालून बाहेर पडले. हे आतून कडी लावून बसले. तसं मीच सांगितलं होतं.

स्टूल ठेवलं. गोणपाटाची पिशवी खालून अलगद वर सरकवली आणि कंदिलाच्या डोक्यावर नाडीने आवळली. आत एकदम आवाज सुरू झाला, शिवणयंत्र फिरल्यासारखा. आता वरच्या हुकाशी दोरी कापली की संपलं. मी खिशातून कातर काढली.

“कातर ठेवा.”

वहिनी दारात होत्या. रात्रीचीच साडी, केस मोकळे.

“ती गाठ ह्यांनी बांधलीय,” त्या म्हणाल्या. “कापू नका. सोडवा.”

मला इतका राग आला, की स्टुलावरून खाली उतरून त्यांना दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. हाताच्या अंतरावर शंभरेक माश्या, नाडी कितपत घट्ट बसलीय माहीत नाही, आणि म्हणे गाठ सोडवा. दीड वर्षाची, पाऊस पिऊन दगड झालेली सुतळीची गाठ. मोजे घालून ती सुटणार नव्हती.

मी मोजे काढले.

का काढले, ते मला विचारू नका. गुंता सोडवण्यात माझा हात चांगला आहे, एवढंच सांगते. नखाने एकेक पदर उकलत होते. नाडीच्या फटीतून दोन माश्या बाहेर आल्या. एक अंगठ्याला चावली, दुसरी मनगटाला. मी हललेच असणार, कारण स्टूल डुगडुगलं. तेव्हा वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं.

“स्टूल तरी बरं आणायचं,” म्हणाल्या.

गाठ सुटली तेव्हा पुरतं उजाडलं होतं. मी पिशवी साबणाच्या पाण्याच्या बादलीत दाबून धरली. आवाज थांबायला बराच वेळ लागला. उघडली तेव्हा कागदाचा लगदा झाला होता, कामट्या मोडल्या होत्या. वहिनींनी त्यातलं काहीच घेतलं नाही. फक्त सुतळी घेतली, पदराला पुसली, चार बोटांवर गुंडाळली आणि आत गेल्या. जाताना म्हणाल्या, “सांगा तुमच्या नवरीला, आता टॉवेल वाळत घाल म्हणावं.”

त्या दिवसानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी माफी मागितली नाही, त्यांनी आभार मानले नाहीत. जूनच्या सुरुवातीला त्या भावाकडे गुहागरला निघून गेल्या. वर्षभर कुलूप होतं, मग तिथे दुसरे लोक राहायला आले. यजमान परत आले की नाही, मला ठाऊक नाही. चौकशी करण्याइतकी आमची मैत्री नव्हती.

पण ते पुढचं. पोळं काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, हे टॉवेलशिवाय कामाला गेले. मी सुजलेल्या हाताने पुन्हा स्टूल घेऊन बाहेर आले. माश्या जुन्या जागी परत येतात, म्हणून हुकाला आणि भोवतालच्या छताला रॉकेलचा बोळा फिरवणं भाग होतं. ते केलं. हुक सैल झाला होता. तो काढून टाकावा म्हणून हाताने फिरवून पाहिला, सहज निघत होता. वहिनींच्या दाराच्या फटीत साडीचा काठ दिसत होता. मी हुक उलटा फिरवला, पकडीने पिळून घट्ट बसवला, स्टूल आत ठेवलं आणि शाळेत गेले.