पांढरी चारमधला अल्डो

चिक स्पाडाफोराच्या बोटांनी पियानोवर गाण्याची सुरुवातीची सुरावट छेडली आणि चौथ्या सुरालाच चिकला कळलं. पट्टी चुकली होती. थोडीथोडकी नाही, चांगली तीन पट्ट्या वर लागली होती.

सेंट रॉकच्या जत्रेची संध्याकाळ. चर्चच्या तळघरातला हॉल खच्चून भरलेला. बाहेर परतल्या जाणाऱ्या सॉसेज-मिरच्यांचा वास जिन्यावरून खाली उतरून पहिल्या रांगेत बसलेला. रंगमंचावर निळा कोट घालून, केसांना चकाकी आणून, ध्वनिक्षेपक दोन बोटांत फुलासारखा धरून अल्डो त्रावाग्लिनी उभा. आणि तिसऱ्या रांगेत, हातातल्या कागदी पंख्याने वारा घेत, न्यूयॉर्कहून आलेला लोवेन्टाल नावाचा माणूस.

हा लोवेन्टाल सिनेमांसाठी नटमंडळी हुडकायचं काम करायचा. एका नव्या चित्रपटात म्हाताऱ्या गवयाची भूमिका होती. तीनच प्रसंग, पण त्यातल्या एकात अख्खं गाणं, तेही कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या गळ्याने. कार्यक्रमाआधी त्याने चिकला बाजूला घेऊन विचारलं होतं, "याचे जुने सिनेमे मी पाहिलेत. काम करतो ठीक. पण खरं सांगा, आवाज शिल्लक आहे का?"

"शिल्लक?" चिक म्हणाला होता. "अहो, वाढलाय!"

आता ती वाढ सिद्ध करायची वेळ चिकच्याच दहा बोटांनी आणली होती.

दोष लग्नाचा होता. त्याच दिवशी दुपारी गावात एक लग्न लागलं, आणि नवरीच्या मावसभावाने, बावीस वर्षांच्या टग्याने, अल्डोचंच ते गाजलेलं गाणं मूळ पट्टीत, म्हणजे पांढरी चारमध्ये, तीनदा म्हटलं. तीनदा साथ चिकची. दर खेपेला नवरीच्या बापाने चिकच्या हातात घरी गाळलेल्या वाइनचा पेला दिला. बोटांना तीच वाट पाठ झाली. बोटांचं काय, ती घोड्यासारखी असतात, दुपारी जिथे गेली तिथेच संध्याकाळीही निघतात.

अल्डोला मात्र पांढरी चार झेपण्याचे दिवस सरले होते. हे जगात फक्त चिकला आणि साथीला माणसाएवढा बास वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं, अशी चिकची समजूत होती.

ओहायो नदीच्या या काठाला, पोलादाच्या कारखान्याच्या धुरात, अल्डो जन्मला तो न्हाव्याच्या घरात. बाप दाढी करायचा आणि पोरगं गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावता लावता गायचं. सूर लांबला की फेस नाकात जायचा. तरी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच यायची. मग रेडिओवरची स्पर्धा, मग एक वाद्यवृंद, मग न्यूयॉर्क. तिथल्या मॅनेजरने 'त्रावाग्लिनी' हे नाव ऐकून कपाळाला हात लावला. "एवढं नाव लिहायला पाटी दोन गल्ल्या लांब करावी लागेल," म्हणाला, आणि अल्डोचा 'अ‍ॅलन ट्रॅव्हिस' झाला. गावात त्याच्या झीया अस्सुंताने, म्हणजे सख्ख्या मावशीने, ते नाव कधी उच्चारलं नाही. कोणी विचारलं की सांगायची, "हो, त्या ट्रॅव्हिसच्या नावावर आमचा अल्डो गातो."

मग हॉलिवूड! सात चित्रपट. पैकी पाचांत तो क्लबात गात असे आणि त्याच्यासमोर बसून नायक नायिकेशी भांडत असे. सहाव्यात त्याने घोड्यावर बसून गायलं, घोडा जरा जास्त बरा दिसला. पण सातव्यात त्याला खरी भूमिका मिळाली. मित्रासाठी जीव देणारा जुगारी. गावच्या थिएटरात तो चित्रपट लागला तेव्हा कारखान्याची एक पाळी अर्धी रिकामी होती. पडद्यावर खलनायक पडद्याआडून पिस्तूल काढतो, त्या क्षणी झीया अस्सुंता खुर्चीवर उभी राहून ओरडली, "अल्डो! मेल्या, मागे बघ!" अल्डोने मागे बघितलं नाही. गोळी लागली. झीयाने पर्स पडद्याला फेकून मारली, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई तोच खेळ पुन्हा बघायला गेली, म्हणाली, "आज तरी ऐकेल."

पुढे गिटारवाली पोरं आली. निळ्या कोटातल्या गवयांना कोणी विचारेना. अल्डो पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आला तो राहिलाच. बापाचं दुकान उघडलं. दाढी करताना हॉलिवूडच्या गोष्टी सांगायचा, आणि गळ्यावर वस्तरा असल्यामुळे कोणी शंका काढायचं नाही. शनिवारी संध्याकाळी याच हॉलात गायचा. साथीला चिक, जो रविवारी सकाळी वर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

आवाज मात्र वयाचं ऐकू लागला. पण अल्डोला सांगणार कोण? न्यूयॉर्कमधल्या एका साथीदाराने "पट्टी जरा उतरवू या का?" असं विचारलं म्हणून त्याने त्याला जिन्यावरून उतरवलं होतं. मग चिकने युक्ती काढली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे. त्या दिवसांत अल्डो गात नसे. आईला मरताना दिलेला शब्द. चाळीस दिवसांत कान पट्टी विसरतो, असा चिकचा हिशेब. एका ईस्टरनंतर पांढरी चारची पांढरी तीन झाली. काही वर्षांनी काळी दोन. मग पांढरी दोन, म्हणजे एकूण तीन पट्ट्या खाली. दर वेळी अल्डो छाती फुगवून म्हणायचा, "बघितलंस चिक? उपवासाने गळा कसा मोकळा होतो!" आणि चिक मान डोलवून म्हणायचा, "संतांची कृपा रे बाबा."

आता संतांच्याच जत्रेत ती कृपा उलटली होती.

अल्डोने पहिली ओळ उचलली. चिकने डोळे मिटले. ओळ निघाली! थोडी खरखरीत, पण निघाली. दुसरीही निघाली. बासवाल्या म्हाताऱ्याने मान वळवून चिककडे असं बघितलं, जणू विचारत होता, हा काय खुनाचा बेत आहे? चिकच्या कपाळावरून घाम थेट पांढऱ्या पट्ट्यांवर टपकत होता. त्याने ठरवलं, मधल्या रिकाम्या जागेत एकट्याने वाजवायचं आहे, तिथून हळूच खाली घसरायचं. पाद्री भजन फार वर लावतात तेव्हा ऑर्गनवर तो हेच करायचा. कोणाला पत्ता लागत नसे.

मधली जागा आली. चिकचा डावा हात खाली सरकू लागला. तोच त्याच्या खांद्यावर पंजा पडला. अल्डो पियानोला रेलून उभा होता, लोकांकडे बघून हसत होता, आणि पंजा मात्र खांद्याचा चुरा करत होता. ओठ न हलवता तो म्हणाला, "जागचा हलू नकोस."

"अल्डो, शेवटचा सूर..."

"वाजव रे गाढवा!"

चिकने वाजवलं. गाणं चढत गेलं. हॉलमधले पेले, पोरं, सगळं थांबलं, कारण शेवटचा सूर या गावात प्रत्येकाला पाठ होता. तो लांबलचक, वर जाणारा सूर ऐकूनच इथली निम्मी लग्नं ठरली होती. लोवेन्टालचा कागदी पंखासुद्धा थांबला. अल्डोने हात पसरले, तोंड उघडलं...

आणि सूर फुटला. चिनी मातीची बशी फुटावी तसा.

चिकला वाटलं, आता पियानोचं झाकण उघडून आत शिरावं. 

अल्डोने मात्र भुवया वर केल्या. "थांबा," म्हणाला, "इथंच कुठंतरी होता तो." त्याने कोटाचा डावा खिसा चाचपला. मग उजवा. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. अल्डोने रंगमंचावरून उतरून पहिल्या रांगेतल्या झीया अस्सुंताची टोपी उचलून खाली बघितलं. म्हातारी ऐंशीची, पण आवाज खणखणीत. "माझ्याकडे काय बघतोस? तुझ्या आईने तुला दिला होता, तू सांभाळायचा होतास!"

हॉल फुटला! टेबलं बडवली गेली, बासवाला डोळे पुसू लागला. त्या हशातच अल्डो चालत चालत मध्यभागी आला, आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. हरवलेलं पोर गर्दीत दिसावं तसा. त्याने बोट वर केलं. हसू जागच्या जागी विझलं. आणि त्याने तो सूर अगदी हलका, कानाशी सांगितल्यासारखा, पांढरी चारमध्येच लावला. सुताइतका बारीक. पण थरथरला नाही, तुटला नाही, चिकची बोटं खाली थांबून राहिली तरी तो वर चालूच राहिला.

संपला, आणि लोक खुर्च्यांवर चढले! लोवेन्टालही चढला. त्याची खुर्ची घडीची होती, ती मिटली आणि तो खाली गेला, पण टाळ्या खालूनही वाजत राहिल्या.

पडद्यामागे तो गुडघा चोळत आला. "मिस्टर ट्रॅव्हिस, ते खिसे चाचपणं चित्रपटात घेऊ या का? तस्संच?"

"मिस्टर कोण?" झीया अस्सुंता मागून गरजली.

"त्रावाग्लिनी," लोवेन्टालने पटकन दुरुस्ती केली. "सप्टेंबरात न्यूयॉर्कला या. साथीला तुमचेच पियानोवाले आणा."

तो गेला तसा चिकने अल्डोला मिठीच मारली.  "अरे कुंपारे, माझ्या दोस्ता, तू पांढरी चार काढलीस! या वयात! मी उगाच घाबरत होतो तुझ्यासाठी. आता सगळीकडे हीच लावायची ना, शूटिंगलासुद्धा? जुनी, खरी पट्टी?"

अल्डोने कॉलरचं बटण सोडलं, मान मोकळी केली आणि म्हणाला, "वेडा आहेस का, पांढरी दोनवरून अजून एक पट्टी खाली घे, आणि या खेपेला ईस्टरची वाट बघू नकोस!"