कँडिरूचा वकील

एका बोटभर माशाच्या अब्रूसाठी साऱ्या जगाशी वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मासा ॲमेझॉनचा, नाव कँडिरू. मोठ्या माशांच्या कल्ल्यांत शिरून रक्त पितो आणि पोट भरलं की निघून जातो. पण एवढ्यावर थांबतील ती माणसं कसली! नदीत लघवी केली की हा मासा धारेतून वर चढून नको तिथे शिरतो, अशी अफवा जगाने उठवली आणि आमच्या शेजाऱ्याच्या कपाळावर कायमची आठी पडली. कारण तो विद्यापीठात याच माशांवर संशोधन करतो. बसमध्ये मागच्या सीटवरचा एखादा विद्यार्थी ही गोष्ट मित्राला सांगू लागला की हा गर्रकन वळून त्याची उलटतपासणी सुरू करतो. मग स्टॉप मागे पडतो आणि मिशिगनच्या थंडीत लाल नाकाने तो दोन मैल परत चालत येतो, तेही बडबडत.

गणपतीत तर त्याने कहर केला. आमच्याच घरी जेवताना एका पाहुण्याने हसत हसत तोच किस्सा काढला. झालं! ताट आदळून हा स्वयंपाकघरात घुसला. गवारीची एक शेंग पाहुण्याच्या हातात कोंबली आणि तांब्यातून सिंकमध्ये बारीक धार सोडली. "एवढाच असतो तो! धारेतून चढतो ना? मग चढवून दाखव, यार!" शेंगेला पोहता येत नाही, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. पाहुण्याचा रेशमी कुर्ता भिजला, मोदक गार झाले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याला मात्र वाटतं, रागावायचा हक्क या पृथ्वीवर त्याला एकट्यालाच दिलेला आहे.

यंदा त्याचं ॲमेझॉनला जायचं ठरलं. नागपूरला त्याच्या आईला ते कळलं, आणि त्याच आठवड्यात कुणा शहाण्याने तिला कँडिरूचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. माझे सासरे नागपूरहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून एक पुडकं आलं. मीच ते वर नेऊन दिलं. आत गादीच्या पट्टेरी कापडाच्या, दुहेरी शिवलेल्या दोन चड्ड्या होत्या. नाडी अशी की बैल बांधावा.

तो लालबुंद झाला. "सख्खी आई! निदान तिने तरी?" म्हणत त्याने स्पीकरवर फोन लावला. "आई, हे सगळं खोटं आहे. आयुष्यभर मी हेच सांगतोय लोकांना."

"खोटं असेल रे राजा. तुझं शास्त्र मला काय कळतं? पण तू त्या पाण्यात आणि मी इथे. झोप लागत नाही मला."

मी स्फोटाची वाट बघत उभा होतो. तो चड्डीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. हातशिलाई होती, जागोजागी वाकडी झालेली. "बरं," तो म्हणाला, "घालीन."

गेल्या आठवड्यात तिकडून फोटो आला, आईला पाठवलेला आणि मलाही. गुडघाभर पाण्यात हा उभा, आणि आईला नीट दिसावी म्हणून चड्डी पॅन्टच्या वरून घातलेली! हा फोटो बाहेर गेला तर 'बघा, तज्ज्ञसुद्धा घाबरतात' म्हणत लोक ती अफवा आणखी पन्नास वर्षं जगवतील, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने तो मुद्दाम कुणाकडून तरी काढवून घेतला, आणि फोटोत तो चक्क हसतोय. त्याची टिंगल करायला याहून मोठं घबाड मला पुन्हा मिळणार नाही. मी तो फोटो कुणालाही फॉरवर्ड केला नाही.